शिक्का कोणाचा?

प्रश्न : ताई, मी देवनारहून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, केलं. चार वर्षं नौपाड्यातल्या एका समुपदेशन केंद्रात बसते. ऐरोलीचे एक गृहस्थ दर गुरुवारी येतात. परवा म्हणाले, ‘मॅडम, मेडिक्लेमला लावायला पावती द्या.’ केंद्रातले मनोविकारतज्ज्ञ त्यांचा शिक्का मारून द्यायला तयार आहेत. न्यू जर्सीतली माझी मावसबहीणही सोशल वर्करच, पण तिच्या सेशनचे पैसे विमा देतो. माझंच का अडतं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी शिक्क्याचं. घेऊ नकोस. मी एकदा घेतला होता, वाशीला असताना. सेशन बुधवारची आणि डॉक्टर बुधवारी त्या इमारतीत यायचेच नाहीत. क्लेम परत आला, तारखांभोवती निळ्या पेनाचे गोल करून. माझ्याकडे येणाऱ्या त्या बाईंचे पैसे मी भरून दिले, पण त्या पुन्हा माझ्याशी मोकळेपणी बोलल्या नाहीत.

बहिणीचं निराळं आहे. ती एलसीएसडब्ल्यू, म्हणजे परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर, असणार : एमएसडब्ल्यूनंतर देखरेखीखाली काम, परीक्षा, मग राज्याचा परवाना. पाऊण तासाच्या सेशनला ९०८३४, तासाच्या सेशनला ९०८३७ असे विम्याच्या बिलासाठी ठरलेले कोड. तरी तिथलं मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, तिला डॉक्टरांच्या दराच्या ७५ टक्केच देतं बरं का!

आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ म्हणतं, विम्यात मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरा. लोक इथेच फसतात. साध्या मेडिक्लेमला २४ तास ॲडमिट व्हावं लागतं. तासभर बोलून घरी जाणारा माणूस ओपीडीतला. मधुमेहवाल्याला तरी ओपीडीचे कुठे मिळतात? पॉलिसीत ओपीडीचं वेगळं कव्हर असेल तरच पुढचं. कोणाची फी चालते, ते टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडून, ईमेलवर घ्यायला त्या गृहस्थांना सांग. फोनवर सगळे ‘होईल, होईल’च म्हणतात.

कायद्यातला ‘सायकियाट्रिक सोशल वर्कर’ म्हणजे एमएसडब्ल्यूवर त्याच विषयात दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल केलेला. त्यांची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे होते. पण २०२३च्या अखेरीस यूजीसीने एमफिल बंद करायला सांगितलं आणि या विषयाला मुदतवाढ दिली ती २०२५-२६ पर्यंतच. म्हणून एमफिलची फी भरण्याआधी विद्यापीठात स्वतः जाऊन विचार. आणि नुसते क्लेम पास व्हावेत म्हणून तर करूच नकोस.

तोवर पावतीवर तुझंच नाव, एमएसडब्ल्यू, ‘समुपदेशन, ५० मिनिटं’, तारीख, रक्कम. त्यांना फी जड जात असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दे, तिथे पैसे लागत नाहीत. हे सगळं येत्या गुरुवारी त्यांना सांग, सेशन सुरू करण्याआधी.