वाचकांचे प्रश्न : सगळे आकडे नॉर्मल, तरी कोरल का मरतात?

प्रश्न : माझी १८० लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यात कोरल, म्हणजे प्रवाळ, पाळायची टाकी) दोन वर्षं छान चालली. गेल्या तीन महिन्यांत आधी टर्बो गोगलगायी काचेवरून गळून पडल्या, मग क्लीनर श्रिंप गेली. आता लेदर कोरल फुलत नाही, मशरूम कोरल आक्रसून दगडावरून सुटतायत, कोरलसारखे झोअँथिडही मिटून बसलेत. दोन्ही क्लाउनफिश मात्र ठणठणीत. सॅलिनिटी (खारटपणा) ३५ पीपीटी, केएच (पाण्याची अल्कलिनिटी) ८.३, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट १०, फॉस्फेट ०.०६, तापमान २६. काही बिघडलं की २० टक्के पाणी बदलतो, पण त्यानंतर हाल आणखी वाढतात. पाणी घरच्या आरओचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५५. मालवणहून जिवंत खडक (जिवाणू असलेले समुद्रातले प्रवाळी दगड) आणून टाकले तर उपयोग होईल का? (ठाणे)

उत्तर : तुम्ही दिलेल्या आकड्यांत खोट नाही. पण ते मोजणारं एकही किट तांबं किंवा कीटकनाशक दाखवत नाही. अशा वेळी कोण आधी मेलं आणि कोण अजून तगून आहे, हे पाहावं, आणि ते तुम्ही नेमकं टिपून ठेवलंय.

अमोनिया वाढला असता किंवा ऑक्सिजन कमी पडला असता, तर मासे वर येऊन धापा टाकताना दिसले असते. दुसरा संशय डासांच्या लिक्विड मशीनवर घ्यावा लागतो. त्यातलं ट्रान्सफ्लुथ्रिन पायरेथ्रॉइड गटातलं आहे, आणि स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतो. मात्र पायरेथ्रॉइड कोळंबी आणि माशांना फार लवकर मारतं, गोगलगायी त्यापुढे बऱ्यापैकी टिकतात. तुमच्याकडे उलटं झालंय : गोगलगायी पहिल्या, कोरल त्यांच्यामागे, मासे धडधाकट. ही तांब्याची खूण आहे. (मशीन तरीही टाकीच्या खोलीत लावू नका.)

तांबं येतंय कुठून? तुमच्या आरओत कॉपर कार्ट्रिज आहे का, किंवा तीन-चार महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी कुणी बसवून गेलंय का, ते आधी बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, तांब्याची इष्ट मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत मुभा आहे. माणसाला ते चालतं, कोरलला नाही.

समजा आरओच्या पाण्यात लिटरला ०.३ मिलिग्रॅम तांबं आहे आणि तुम्ही रोज ३ लिटर टॉप-अप करता, म्हणजे उडून गेलेल्या पाण्याची भर घालता. पाणी उडून जातं, तांबं मागे राहतं. रोज ०.९ मिलिग्रॅम, म्हणजे १८० लिटरला लिटरमागे ०.००५. चाळीस दिवसांत हे ०.२ वर जातं. माशांच्या रोगांवर हॉस्पिटल टँकमध्ये तांब्याचा डोस देतात, तो साधारण ०.१५ ते ०.२० असतो. प्रत्यक्षात बरंच तांबं वाळू आणि दगड धरून ठेवतात, म्हणून टाकीतला आकडा कमी दिसतो. आणि २० टक्के पाणी बदलणं म्हणजे ३६ लिटर : बारा दिवसांच्या टॉप-अपइतकं तांबं एका दुपारी आत. पाणी बदलल्यावर हाल वाढतात ते यामुळे.

म्हणून कॉपर किट टाकीच्या पाण्यावर आधी वापरू नका, आरओच्या नळाच्या पाण्यावर वापरा. तिथे रंग आला तर प्रश्न मिटला. टीडीएस मीटरवर विसंबू नका, ५५ मधलं अर्धा पीपीएम तांबं तो वेगळं दाखवू शकत नाही. एकदा वेव्हमेकरचे (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाचे) चुंबकही काढून बघा. वरचं आवरण तडकलं किंवा फुगलं असेल तर तो फेकून द्या, कारण आतल्या चुंबकाला बहुधा निकेल-तांब्याचा मुलामा असतो.

आता उपाय. ते पाणी आजपासून बंद. टेक्निशियनकडून आरओच्या मेंब्रेननंतर (मुख्य गाळणीनंतर), पण टीडीएस कंट्रोलर, मिनरल आणि कॉपर कार्ट्रिज या सगळ्यांच्या आधी, पाव इंची पाइपला टी जोडून घ्या आणि त्या फाट्यावर उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा डबा लावा. बाहेर टीडीएस शून्य यायला हवा. १-२ दिसू लागला की रेझिन बदला. या पाण्याने दर तिसऱ्या दिवशी २५ टक्के, असं चार वेळा बदला. पाण्यातलं तांबं साधारण ३२ टक्क्यांवर येईल. एका वेळच्या ४५ लिटरला सुमारे १.७ किलो मीठ लागेल. ते २४ तास पंप लावून फिरवा आणि सॅलिनिटी व तापमान टाकीशी जुळवूनच ओता.

सोबत क्युप्रिसॉर्बसारखं तांबं धरणारं रेझिन किंवा पॉली-फिल्टर पाणी जोरात वाहतं तिथे ठेवा. पॉली-फिल्टर निळसर झाला तर निदान पक्कं. नुसत्या कार्बनवर भागणार नाही. दगडांतलं तांबं हळूहळू सुटत राहतं, म्हणून रेझिन काही महिने चालू ठेवा. वाळू बदलायची तर थोडी थोडी. एकदम काढली तर तिच्यातले जिवाणूही जातील. उरलेले झोअँथिड सलग काही आठवडे पूर्ण उघडेपर्यंत नवा जीव विकत घेऊ नका.

मालवणचे खडक अजिबात नाही. तिथल्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि दगडी प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत सोडाच, मेलेला तुकडाही उचलायचा नाही. तसंही, तुमच्या टाकीत जिवाणूंची कमतरता नाही.

प्रश्न : ॲक्रोपोराची (फांद्यांच्या दगडी कोरलची) टोकं पांढरी पडतायत. केएच ११, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, फॉस्फेट शोषणारा जीएफओ रिॲक्टर चालू आहे. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : केएच इतका वर आणि अन्न (नायट्रेट, फॉस्फेट) काहीच नाही, ही जोडी ॲक्रोपोराला सोसत नाही. रिॲक्टर बंद करा आणि माशांचं खाणं वाढवा. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ च्या आसपास आणा. केएच वाढवणारं डोसिंग कमी करून तो ८ वर येऊ द्या, पण दिवसाला ०.५ हून जास्त उतरू देऊ नका. तोवर लाइट वाढवू नका. मांस बुडाकडून सोलत वर चढत असेल तर मात्र दुखणं वेगळं : जिवंत भागात सेंटिमीटरभर वरून कापून फ्रॅग (तो तुकडा) वाचवा. तुमचा हॅना चेकर (फॉस्फेट मोजायचं उपकरण) फॉस्फरस पीपीबीत दाखवत असेल, तर आकड्याला ३.०६६ ने गुणा आणि हजाराने भागा. १६ पीपीबी म्हणजे सुमारे ०.०५ फॉस्फेट.