राजीनाम्याआधी गृहकर्जाची फाईल काढा

पत्र सांगली जिल्ह्यातल्या गावाहून आलंय, पण लिहिणारे नोकरीला चाकणला आहेत. वय 43, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला, हातात 66 हजार. घरी पत्नी, दोन मुलं, गावाकडे आई-वडील. मागच्या वर्षी शिफ्टमध्येच फिट आली, एमआरआय काढला तर मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातली गाठ. पुण्यात ऑपरेशन झालं, बायोप्सीत ग्रेड 1 आलं, कॅन्सर नाही. याला आता आठ महिने झाले. बिल साडेसात लाख. कंपनीच्या मेडिक्लेमने 5 लाख दिले, उरलेले अडीच आणि वरचा खर्च मिळून 3 लाख थोरल्या भावाने "कुठून तरी" उभे केले. शेवटी प्रश्न असा: "राजीनाम्यानंतर पीएफचे 9 लाख येतील. मेहुण्यांनी गॅरंटीड प्लॅन सुचवलाय, वर्षाला 1 लाख, 10 वर्षं. त्यात घालू का? दादा पैसे परत घ्यायला तयार नाही."

या विम्याच्या प्लॅनचं आधी उरकून टाकू. 10 वर्षं लाख-लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर 17 लाख घ्यायचे. मेहुणे म्हणतात, 10 चे 17, म्हणजे 70 टक्के फायदा, दरवर्षी 7 टक्के. असं गणित चौथीतल्या मुलाने केलं तर शिक्षक वही परत देतील. पैसे किती वर्षं अडकले ते धरलं की परतावा वर्षाला जेमतेम 5 टक्के बसतो. हेच हप्ते पीपीएफमध्ये 7.1 टक्क्यांनी टाकले तर त्याच मुदतीला 21 लाखांच्या आसपास होतात. आणि तुम्ही हे हप्ते भरणार कशातून? 8.25 टक्के व्याज मिळवणाऱ्या पीएफमधून! चांगल्या विहिरीचं पाणी उपसून गळक्या हौदात भरायचा हा उद्योग आहे. डिस्चार्जनंतर दहाव्या दिवशी, टाके ओले असताना, सोफ्यावर बसून ही योजना समजावणाऱ्या माणसाला नातेवाईक म्हणायचं की काय, ते तुम्ही ठरवा.

शिवाय फॉर्मवर ऑपरेशनचं "लिहायची गरज नाही" असं ते म्हणाले. गरज आहे. विमा कायद्याच्या 45 व्या कलमानुसार पहिली तीन वर्षं विमा कंपनी पॉलिसीवर प्रश्न उभा करू शकते. त्या काळात तुमचं काही बरंवाईट झालं आणि डोक्याचं ऑपरेशन लपवलेलं निघालं, तर पत्नीच्या हातात विम्याच्या रकमेऐवजी नकाराचं पत्र येईल. सही केलेला फॉर्म परत मागून घ्या.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या प्रश्नात प्लॅनपेक्षा मोठी गोष्ट पहिल्याच शब्दात आहे: राजीनाम्यानंतर. दीड पानी पत्रात राजीनाम्याबद्दल फक्त एक ओळ आहे, "मार्चअखेर गावी जाऊन दादाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं ठरवलंय, दादा महिना 30 हजार देणार." हा सल्ला तुम्ही मागितलेला नाही. तरी देतो, कारण बाकी सगळं यावर टांगलंय.

का जावंसं वाटतं ते कळतं. दोन कामं एकदम सांगितली की दुसरं विसरतो, दुपारी तीननंतर डोकं चालत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. तुमच्या वहिनी, म्हणजे दादाच्या पत्नी, 40 दिवस पुण्यात राहिल्या. फिटच्या गोळ्या चालू असल्याने गाडी चालवायची नाही, म्हणून पुतण्या आठ महिने तुमच्याकडे राहून कंपनीत ने-आण करतोय. अशा माणसांच्या जवळ जावंसं वाटणारच. पण गावी गेल्यावर काय सुटतं ते मोजू.

पगार 66 वरून 30 वर येईल. पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला तर 14 हजार येतील, गृहकर्जाचा हप्ता 23 हजार आहे. उरले 21 हजार, चार माणसांना, गोळ्या आणि वर्षाची कॉन्ट्रास्ट एमआरआय धरून. आणि हे दुकानाने 30 हजार दिले तर. तेच दुकान आज दादाचं घर चालवतंय. दोन घरं चालतील असा धंदा वाढेल, ही आशा आहे, हिशोब नाही.

त्याहून महाग गोष्ट म्हणजे मेडिक्लेम. कंपनीचं 5 लाखांचं कव्हर तुम्हाला, पत्नीला, मुलांना आणि आई-वडिलांनाही आहे. सर्वसाधारणपणे ते नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतं. दुसऱ्या दिवशी बाजारात गेलात की तुम्ही "ब्रेन सर्जरी झालेला, फिटच्या गोळ्या चालू असलेला" ग्राहक. कुठली कंपनी नाही म्हणेल, कुठली हप्ता चढवेल, कुठली जुन्या आजाराच्या दाव्यासाठी काही वर्षं थांबायला लावेल. 2024 पासून ही थांबण्याची मुदत जास्तीत जास्त 3 वर्षं आहे, आधी 4 होती. पण तुमच्या देखरेखीची महत्त्वाची वर्षं नेमकी हीच. आणि वडील 71 वर्षांचे, साखर आणि बीपी दोन्ही. त्यांना आज नव्याने परवडेल अशी पॉलिसी शोधायला बसलात की कळेल मी काय म्हणतोय.

यातून एक वाट आहे आणि ती फक्त नोकरीत असेपर्यंत उघडी आहे. नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे तुमच्या आजच्या मेडिक्लेममधून, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं थांबण्याच्या मुदतीत धरली जातात. विमा कंपनी तपासणी करेल, हप्ता वाढवेल, कदाचित कुरकुर करेल. तरी नवख्या माणसासारखं दारात उभं राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं. एचआरला मेल करून विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि स्थलांतराचा अर्ज मागा. तोंडी नको. नवी पॉलिसी हातात पडल्याशिवाय राजीनामा टाइपसुद्धा करू नका.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि त्यासाठी पिवळं-केशरी कार्डच लागतं असं राहिलेलं नाही. गावी गेलात तर हा आधार आहेच. पण तो योजनेतल्या रुग्णालयात, योजनेतल्या उपचारापुरता. मेडिक्लेम सोडायचं कारण म्हणून तो वापरू नका.

अजून एक बारीक गोष्ट: पीएफ खात्याबरोबर ईडीएलआय नावाचा विमा असतो, नोकरीत असताना मृत्यू झाला तर वारसांना 7 लाखांपर्यंत. तुमच्याकडे दुसरी टर्म पॉलिसी नाही आणि आता ती सहज मिळणारही नाही. नोकरी सुटली की हाही आधार जातो.

आता फाईल. पत्रात कंसात लिहिलंय, "2022 मध्ये कर्ज देताना बँकेने 78 हजारांचा विमा बळंच गळ्यात मारला, त्याचा काही उपयोग नाही." वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. एरवी या पॉलिस्यांवर मीही चिडतो. विम्याचा हप्ता कर्जातच मिसळतात, त्यावर 20 वर्षं व्याज घेतात आणि कागद कोणाला दाखवत नाहीत. पण यातल्या बऱ्याच पॉलिस्यांत गंभीर आजाराचा एक भाग असतो. विमा नियामकाने गंभीर आजारांच्या ज्या प्रमाण व्याख्या ठरवल्यात, त्यांत कॅन्सर नसलेली मेंदूची गाठ आहे. एमआरआयने निदान आणि गाठ काढण्याची शस्त्रक्रिया, एवढं झालं की ती व्याख्येत बसते. पिच्युटरीची गाठ वगळली आहे, तुमची तिथली नाही. मेंदूच्या आवरणातली गाठ व्याख्येत स्पष्ट आहे.

तुमच्या पॉलिसीच्या यादीत हा आजार असेलच असं नाही, काहींत नऊ-दहाच आजार असतात. मुदतही बघा. अशा पॉलिस्या अनेकदा 5 वर्षांच्या असतात, तसं असेल तर तुमचं निदान मुदतीत बसतं. यादीत असेल तर कर्जाचा मोठा भाग, कदाचित सगळाच, फिटू शकतो. कर्जाचा हप्ता सुटला तर गावी जायचा विचार वेगळ्या आकड्यांवर करता येईल, तेव्हा मी इतकं तोंड वाकडं करणार नाही. आठ महिने उशीर झाला म्हणून घाबरू नका. खरं कारण असेल तर निव्वळ उशिरासाठी दावा नाकारू नये, असं नियामकाने 2011 मध्येच कंपन्यांना कळवलंय, आणि डोक्याच्या ऑपरेशनपेक्षा खरं कारण कुठलं? डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोट्स, बायोप्सी, एमआरआय, सगळ्याच्या प्रती जोडा. दावा नाकारला तर लेखी कारण घ्या, मग तक्रार विमा लोकपालाकडे नेता येते.

राहिला दादा. खर्चाचा अंदाज यावा म्हणून तुम्ही वहिनींच्या वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत. नारळपाणी 60, पार्किंग 40, टोपी (लोकरीची) 180, आयाबाईंना 200. ही पानं बघून झाल्यावर शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, पेन्सिलीने: "पाटल्या 4, मोहनमाळ, पतसंस्था, 11%." हे तुम्ही पाहिलंत का? दादाने पैसे "कुठून तरी" उभे केलेले नाहीत, वहिनींचं सोनं गहाण ठेवलंय. दादा मागत नसला तरी पतसंस्था मागतेय, वर्षाला 33 हजार. सोनेतारण साधारण वर्षभराचं असतं आणि तुमचे आठ महिने गेलेत.

तुमच्याकडे 5 लाखांची एफडी आहे, 7 टक्क्यांची. त्यातले 3 लाख मोडा, टक्काभर दंड बसेल, बसू दे. उरलेले 2 लाख अडीअडचणीला. आणि पैसे दादाच्या हातात देऊ नका, तो घेणार नाही. पतसंस्थेत जाऊन थेट कर्ज खात्यात भरा. नंबर वहिनींकडे असेल.

मार्च तर विसराच. पुढची एमआरआय होऊ द्या, तोवर हलकं काम किंवा अर्धी शिफ्ट मागून बघा. नऊ वर्षं काढलीत त्या कंपनीत, विचारायला हरकत नाही. आणि कुठलाही कागद दुपारी तीननंतर सही करू नका.

गृहकर्जाच्या पॉलिसीतलं आजारांच्या यादीचं पान सापडलं की फोटो पाठवा. या वेळी पान सरळ धरून, वहीच्या फोटोत निम्मे आकडे अंगठ्याखाली गेलेत.