केळीला टेकू लागतो, माडाला का नाही?

प्रश्न : आमच्या वाडीत माड आणि केळी शेजारी शेजारी आहेत. घड भरू लागला की केळीला बांबूचा टेकू द्यावा लागतो. माड मात्र नारळांचे घोस डोक्यावर घेऊन उभा राहतो आणि वाऱ्यात वाकून पुन्हा सरळ होतो. दोन्ही एकदलच असताना हा फरक कशामुळे पडतो?
— एक वाचक, श्रीवर्धन (जि. रायगड)

उत्तर : केळीचे आपण ज्याला खोड म्हणतो ते मुळात खोडच नव्हे. तिचे खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद, आणि वर दिसतो तो एकमेकांवर घट्ट गुंडाळलेल्या सोपटांचा, म्हणजे पानांच्या तळांचा, बुंधा. त्याच्या वजनाचा नऊ दशांशांहून अधिक भाग पाण्याचा असतो. पातळ भित्तिकांच्या मूल ऊतीतील पेशी पाण्याने फुगून एकमेकींवर दाबल्या जातात, आणि बुंध्याचा ताठपणा मुख्यतः त्यातून येतो. सोपटांत चिवट धागेही असतात, त्यांचे दोर वळता येतात. परंतु धागा ओढीला टिकतो, दाबाला नाही, त्यामुळे घड एका अंगाला लोंबू लागला की त्या बाजूची सोपटे चेपून बुंधा मोडतो.

माडाचा आधार आहे दृढ ऊती. तिच्या पेशींच्या भित्तिका सेल्युलोजच्या थरांनी जाड झालेल्या असतात आणि त्यांत लिग्निन भरलेले असते. सेल्युलोज ताण सोसते, तर लिग्निनमुळे भित्तिका दाबाखाली दुमडत नाही. (भोपळ्याच्या कोवळ्या वेलीला वाढ न थांबवता आधार देणाऱ्या स्थूलकोण ऊतीत लिग्निन नसते, म्हणून ती लवचीक राहते.) आंब्याप्रमाणे नवे लाकूड चढवणारा ऊतककराचा थर माडात नसल्याने वाढत्या उंचीबरोबर खोडाचा घेर फारसा वाढत नाही. त्याची भरपाई जुन्या पेशींच्या भित्तिका वर्षानुवर्षे जाड होत जाऊन होते, आणि त्यामुळेच जुन्या माडाचा बुंध्याकडचा भाग सर्वांत टणक लागतो.

तथापि, माझ्या मते खरी मेख ही ऊती किती आहे यापेक्षा ती कुठे आहे यात आहे. खोड वाकते तेव्हा वाऱ्याकडची कड ताणली जाते, पलीकडची दाबली जाते आणि गाभ्यावर फारसा भार येतच नाही. माडाच्या खोडात धाग्यांनी वेढलेल्या वाहिन्यांच्या जुड्या नेमक्या कडेला दाटीने असतात. तेथील लाकडाची घनता दर घनमीटरला 600 किलोंच्या वर जाते, तर गाभ्यात ती 400 पेक्षाही कमी असते. माडाचीच भावकी असलेली पोफळ उभी चिरून, मऊ गाभा सहज कोरून तिची पन्हळ करतात, यात हीच रचना हाताला जाणवते.

अर्थात, या बळालाही मर्यादा आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात आपल्याच भागातील असंख्य माड-पोफळी आडव्या झाल्या.

केळीला टेकू घड झुकतो त्या बाजूने द्यावा. बांबू नसल्यास विरुद्ध बाजूला दोरीने ताण दिला तरी चालतो, मात्र घड भरण्याच्या काळात पाण्याची पाळी चुकवू नये.