मुलांना मोबाईलवरच्या घाणीपासून वाचवायला सरकार काही करतं का? खेड्यात तक्रार कुठे करायची?

करतं, पण पुरेसं नाही. 2018 मध्ये केंद्राने 827 अश्लील साइट बंद करायला लावल्या. एक बंद झाली की दुसऱ्या नावाने उघडते, म्हणून नुसत्या बंदीवर विसंबू नका. कायदा मात्र कडक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब नुसार लहान मुलांचं अश्लील चित्रण पाठवणंच काय, शोधणं आणि डाउनलोड करणंही गुन्हा आहे. पहिल्यांदा 5 वर्षांपर्यंत कैद. "बघा काय चाललंय" म्हणत गावच्या ग्रुपवर तसा व्हिडिओ टाकणाराही यात अडकू शकतो, हे लोकांना सांगा.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पेरणीला सगळे वावरात जातात आणि पोट्टं ओसरीवर मोबाईल घेऊन एकटं बसतं. माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याने मला पाहताच फोन गोधडीखाली सारला. कानशिलं लाल, नजर खाली. मी ओरडले नाही, शेजारी बसले. मग हळूहळू बोलला: कार्टून पाहता पाहता भलतंच सुरू झालं होतं. त्या दिवशी चोप दिला असता तर पुढच्या वेळी त्याने काहीच सांगितलं नसतं.

तक्रारीसाठी तालुक्याला जायची गरज नाही. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविरुद्धच्या अशा मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. मूल अडचणीत असेल, कोणी धमकावत असेल, तर 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर लावा. फुकट आहे, रात्रीही लागतो. तक्रारीसाठी त्या व्हिडिओची लिंक तेवढी लिहून घ्या, व्हिडिओ मात्र कोणालाही पाठवू नका.