प्राणी वाचवणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून काम करून खरंच आनंद मिळतो, की नुसताच मनस्ताप?

तुम्ही लिहिलंय की शनिवार-रविवार मोकळे असतात, कुत्र्या-मांजरांचा लळा आहे, पण आई म्हणते, ‘रडत घरी येशील.’ आईचं अगदीच चूक नाही. तरी मी पुण्यात अशा एका गटाबरोबर काही वर्षं सुट्टीच्या दिवशी काम करतोय आणि सोडावंसं अजून वाटलेलं नाही.

माझ्या मते या कामातला सगळ्यात मोठा आनंद कुठला, हे ऐकून तुम्ही नाक मुरडाल: जखमेतल्या अळ्या काढण्याचा. पावसाळ्यात हे नेहमीचंच. मानेवर, कानामागे, डोक्यावर, म्हणजे कुत्र्याची स्वतःची जीभ पोहोचत नाही अशा जागी जखम झाली की माशी बसते, अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडतात. मॅगटची, म्हणजे अळ्यांची, केस आहे हे गाडीचं दार उघडताच वासावरून कळतं. एकजण गॉजच्या पट्टीनं तोंड बांधून कानामागे गाठ मारतो, दुसरा जुन्या चादरीत गुंडाळून घट्ट धरतो. जखमेभोवतीचे केस कापायचे, डॉक्टरांनी दिलेलं औषध सोडायचं आणि थांबायचं. जरा वेळानं पांढरी टोकं वर यायला लागतात. मग चिमटा घ्यायचा आणि एकेक काढून वाटीत टाकत जायचं. टॉर्च धरणारा आत डोकावून ‘अजून आहेत, डावीकडे खोल’ असं बजावत राहतो. सुरुवातीला गुरगुरणारं कुत्रं मध्येच कधीतरी मान सैल सोडतं, डोळे मिटतं. शेवटी आत नुसतं लालबुंद, स्वच्छ मांस दिसतं. ड्रेसिंग करून पिंजऱ्यात ठेवलं की बऱ्याचदा आधी पाणी लपालपा पितं, मग भात चाटूनपुसून खातं.

मी ज्या ऑफिसात बसतो तिथे कुठलंच काम संपत नाही. फाईल वर जाते, शेरा घेऊन खाली येते, परत वर जाते. इथे तासाभरापूर्वी एक जीव किडत होता, आता किडत नाही. इतका रोखठोक हिशोब मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

दुसरा आनंद सोडायला जाण्याचा. नसबंदी आणि रेबीजची लस झाली की कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असं २०२३चे प्राणी जन्म नियंत्रण नियम सांगतात. कुत्र्याचा इलाका ठरलेला असतो, भलत्या गल्लीत टाकलं तर तिथली टोळी त्याला फाडून खाईल. सिंहगड रोडवरच्या एका टपरीपाशी आम्ही एक काळी कुत्री सोडली. गाडीतून उडी मारली ती थेट बाकाखाली. टपरीवाले काका दूध ढवळता ढवळता ‘आलीस का गं काळे’ म्हणाले, बिस्किटाचा पुडा फोडला आणि गिऱ्हाइकांना तिच्या ऑपरेशनची साग्रसंगीत माहिती द्यायला लागले. आता नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच असलेली ती कुत्री मला बघितलं की शेपूट हलवत नाही, उलट बाकाखाली सरकते. माझ्या हाताला तिच्या लेखी दवाखान्याचा वास असणार. प्राणी उपकार स्मरतात वगैरे ऐकून जाणार असाल तर तेवढं डोक्यातून काढा. मला मात्र तिचं ते सरकणं आवडतं. तिचं माझ्यावाचून काही अडत नाही.

मनस्ताप कुठे आहे, तेही सांगतो. पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, झालेली पिल्लं. सकाळी सलाईन लावलेलं पिल्लू संध्याकाळी नसतं, आणि त्याच्या भावंडाचं सलाईन तरीही चालू ठेवायचं असतं. याची सवय होत नाही. संक्रांतीत मांजात पंख कापलेल्या घारी येतात तेव्हा मात्र रडण्यापेक्षा संताप जास्त येतो. नायलॉन मांजावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादानं देशभर बंदी घातली, तरी जानेवारीत तो मिळतोच.

जायचं ठरलंच तर आधी डॉक्टरांना विचारून रेबीजची आगाऊ लस घ्या. साधारणपणे ०, ७ आणि २१ किंवा २८व्या दिवशी असे तीन डोस असतात. त्यानंतरही कुत्रं चावलं तर डॉक्टरांकडे जावंच लागतं, पण मग सहसा दोनच डोस लागतात. सुरुवातीला तुम्हाला कोणी हिरोगिरी करू देणार नाही. पिंजरे धुणं, भांडी घासणं, फोन घेणं हेच वाट्याला येईल. फोनवाल्या कामाला कमी समजू नका. घाबरलेल्या माणसाकडून नेमका पत्ता आणि एक धड फोटो काढून घेणं ही कलाच आहे. जखमी घुबड, साप, माकड यांचा फोन आला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर द्यायचा. वन्यप्राणी घरी ठेवून सेवा करणं कायद्यात बसत नाही.

ज्या संस्थेत पहिल्याच दिवशी देणगीची गोष्ट आधी आणि डॉक्टर कुठे बसतात ते नंतर, तिथे मी तरी थांबणार नाही. बाकी आईंना एकदा बरोबर घेऊन जा. आणि घरातल्या जुन्या चादरी, टॉवेल न्यायला विसरू नका, तिथे ते कधीच पुरत नाहीत.