समांतर बिल्डसाठी कोअरच्या आधी रॅम मोजावी

आपल्या आठ कोअर आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एलएलव्हीएम हा कंपायलर-संच सोर्सपासून बिल्ड करताना आपण ‘मेक’ या बिल्ड साधनाला, एका वेळी किती कामे चालवायची हे सांगणारा ‘-जे’ हा पर्याय आकड्याविना दिला, मशीन गोठले आणि शेवटी पडद्यावर ‘किल्ड’ एवढेच उमटले, यात कंपायलरचा दोष नाही. आकडा नसेल तर मेक समांतर कामांना कसलीही मर्यादा घालत नाही. ज्या ज्या फाइलचे अवलंबित्व पूर्ण झाले आहे, तिच्यासाठी ते लगेच नवा कंपायलर सुरू करते. अशा असंख्य प्रक्रियांमुळे रॅम आणि स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास वापरली जाणारी डिस्कवरील जागा) दोन्ही संपले की लिनक्स कर्नलचा ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपल्यावर प्रक्रिया बंद पाडणारी यंत्रणा, बहुधा सर्वाधिक मेमरी धरून बसलेल्या प्रक्रियेचा बळी घेतो.

‘एनप्रोक’ ही आज्ञा कोअरचा जो आकडा दाखवेल तो ‘-जे’पुढे लिहावा, हा सल्ला सर्रास दिला जातो आणि कर्नलसारख्या सी भाषेतील प्रकल्पांना तो पुरतोही. टेम्प्लेटांनी भरलेल्या सी++ची गोष्ट निराळी आहे, तिथे एकेक फाइल कंपाइल करायलाही बरीच मेमरी लागते. जेंटू लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये प्रत्येक कामामागे २ जीबी रॅम धरण्याचा ठोकताळा आहे, आणि मला तो रास्त वाटतो. त्या हिशेबाने आपल्याकडे ४ कामे ही कमाल मर्यादा झाली. ब्राउझर उघडा राहणार असेल तर ३. ‘-एल’ देऊन सरासरी लोडवर मर्यादा घालता येते खरी, परंतु लोड म्हणजे मेमरी नव्हे, त्यामुळे येथे तिच्यावर विसंबू नये.

खरी अडचण पुढे, लिंकिंगच्या वेळी, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवताना येते. डीबग माहितीसह बिल्ड केल्यास एकेक लिंक कित्येक जीबी मेमरी मागते, आणि अशा दोन-तीन लिंक एकत्र आल्या तर कंपाइलची कामे कमी ठेवूनही उपयोग होत नाही. म्हणून डीबग माहिती नसलेला ‘रिलीज’ प्रकार निवडावा, शक्य असल्यास एलएलडी लिंकर वापरावा आणि सीमेक या बिल्डची मांडणी करणाऱ्या साधनात, एका वेळी किती लिंक चालाव्यात हे ठरवणाऱ्या ‘एलएलव्हीएम_पॅरलल_लिंक_जॉब्स’चे मूल्य १ ठेवावे. हा शेवटचा पर्याय फक्त निंजा या मेकऐवजी वापरता येणाऱ्या बिल्ड साधनासोबतच चालतो. शिवाय निंजा आपणहून कोअरच्या संख्येपेक्षा दोन कामे अधिक चालवू पाहते, तेव्हा तिथेही ‘-जे’चा आकडा द्यावाच लागेल.

मेकवरच राहणार असाल तर ‘क्लीन’ करून तयार फाइली पुसू नका, कारण आधी तयार झालेल्या ऑब्जेक्ट फाइली डिस्कवर तशाच आहेत आणि कमी आकडा देऊन काम तिथूनच पुढे नेता येईल. निंजाकडे वळायचे असल्यास मात्र नवी बिल्ड डिरेक्टरी घ्यावी लागेल.