दीर्घ रहस्यमालिकेचा नवा भाग आला की जुने वाचक इतके नाराज का होतात?

कारण त्यांचा जीव रहस्यापेक्षा माणसांत गुंतलेला असतो. खुनी कोण हे तीनशे पानांत कळतं, पण तपास करणारा आणि त्याचा सहकारी यांच्याशी वाचकाचं नातं वर्षानुवर्षं चालतं. नव्या भागावरच्या प्रतिक्रिया नीट वाचून पाहा, तक्रार बहुधा कोड्याबद्दल नसतेच. "तो तिच्याशी असं बोलूच शकत नाही", "मागच्या भागातलं भांडण लेखक विसरला का?" असलं काहीतरी असतं. आणि हे आजचं नाही. कॉनन डॉयलनं डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यावर संपवलं, तेव्हा चिडलेल्या वाचकांनी त्या कथा छापणाऱ्या 'स्ट्रँड' मासिकाची वर्गणी बंद केली, लेखकाला संतापाची पत्रं लिहिली. १९०१ मध्ये होम्स परतला, पण ती गोष्ट त्याच्या मृत्यूआधीच्या काळातली होती. शेवटी १९०३ मध्ये तो मेलाच नव्हता असं दाखवून त्याला परत आणलं गेलं. वाचकांचं प्रेम इतकं चिवट असतं!

मात्र पहिल्या काही दिवसांतल्या नाराजीवरून भाग फसला असं ठरवू नका, तेव्हा लिहिणारे बरेचसे कट्टर चाहते असतात. एक तक्रार तेवढी गंभीरपणे घ्या: उलगड्याला लागणारा धागा वाचकापासून लपवून ठेवला होता, असं अनेकजण म्हणत असतील, तर तो दोष मालिका पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यालाही खटकेल.